किडनीच्या आजारात मांजर-कुत्र्याचा आहार कसा बदलावा: टप्पे, मोजमाप आणि नेहमीच्या चुका

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढलेलं दिसलं की बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी जुनं अन्न बंद होतं आणि नव्या रीनल डाएटची, म्हणजे किडनीच्या रुग्णांसाठी बनवलेल्या अन्नाची, पिशवी फोडली जाते. मांजर वास घेऊन तोंड फिरवतं. दोन दिवस जवळजवळ उपाशी राहतं. मग घरातल्या कुणाचा तरी जीव राहवत नाही, वाटीत सुकट पडते आणि ती महागडी पिशवी कपाटात जाते ती कायमचीच. "आमच्या मनीला ते आवडलंच नाही" हे वाक्य त्यानंतर प्रत्येक व्हिजिटला ऐकू येतं.

यात अन्नाचा दोष क्वचितच असतो. चुकलेला असतो तो क्रम. किडनीच्या आजारात आहार हे औषधच आहे, पण ते पोटात गेलं तरच लागू पडतं. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका, एखाद्या टप्प्याला जास्त दिवस लागले तरी चालेल.

हा लेख जुनाट किडनी विकारासाठी आहे. कालपर्यंत धावणारा कुत्रा पावसाळ्यात अचानक आडवा पडला, ताप आला, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसू लागले, तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) असू शकतो. मुंबई-कोकणात हे दर पावसाळ्यात दिसतं. तिथे आहाराचा विचार नंतर, आधी तातडीने दवाखाना. लेप्टो माणसालाही होतो, त्यामुळे अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा. मांजरीने लिली चघळली किंवा कुत्र्याने द्राक्षं-मनुका खाल्ल्या, तरीही तेच. नर बोका लिटरमध्ये (त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये) बसून कुंथतोय आणि थेंबही येत नसेल, तर लघवी अडकली आहे. त्यात तास मोजायचे असतात, दिवस नाहीत.

## टप्पा १: निदान पक्कं करून घ्या

एका रिपोर्टवर जन्मभराचा आहार ठरवू नका. अंगातलं पाणी कमी झालं तरी क्रिएटिनिन वाढतं. रक्त द्यायच्या थोडं आधी मटण-चिकन खाल्लं तरी ते चढतं. म्हणून उपाशीपोटी, अंगात पाणी नीट असताना, काही दिवसांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मगच आजाराची पायरी ठरवतात. ही पायरी ठरवायची जगभर वापरली जाणारी पद्धत इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीची आहे. डॉक्टर तिला थोडक्यात 'आयरिस स्टेज' म्हणतात.

मांजर: क्रिएटिनिन १.६ च्या खाली स्टेज १, १.६ ते २.८ स्टेज २, २.९ ते ५.० स्टेज ३, ५.० च्या वर स्टेज ४.
कुत्रा: १.४ च्या खाली स्टेज १, १.४ ते २.८ स्टेज २, पुढचे आकडे मांजरासारखेच. (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.)

क्रिएटिनिन फार उशिरा बोलतं. किडनीचं सुमारे तीन-चतुर्थांश काम गेल्यावर ते ठळकपणे वाढतं. शिवाय ते स्नायूंतून येतं, त्यामुळे हाडांचा सापळा झालेल्या म्हाताऱ्या मांजराचा आकडा खोटाच कमी दिसतो. एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्ततपासणी स्नायूंवर तितकी अवलंबून नसते. शक्य असेल तर ती करून घ्या.

या तपासण्या झाल्या आहेत का ते रिपोर्टवर बोट ठेवून बघा:
- फॉस्फरस, कॅल्शियम, पोटॅशियम. साध्या किडनी प्रोफाइलमध्ये हे तिन्ही असतीलच असं नाही.
- लघवीची घनता. सलाइन लावायच्या आधीचा नमुना हवा, नंतरचा निरुपयोगी.
- लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, म्हणजे यूपीसी. कुत्र्यात ०.५ च्या वर आणि मांजरात ०.४ च्या वर म्हणजे प्रथिन वाहून चाललंय.
- ब्लड प्रेशर. १६० च्या वर टिकून राहिलं तर उपचार लागतात.
- कुत्र्याला गोचीड असतील किंवा पूर्वी होत्या, तर टिक फीव्हरची तपासणी. अर्लिकिया या गोचिडांतून येणाऱ्या जंतूमुळे लघवीतून प्रथिन जातं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. नुसता आहार बदलून ते थांबत नाही.

जवळच्या दवाखान्यात यूपीसी किंवा बीपीची सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. परळ, शिरवळ, नागपूर इथे अशी महाविद्यालयं आहेत.

सावध: "उपाशी आणा" याचा अर्थ अन्न बंद, पाणी नाही. किडनीच्या जनावराचं पाणी रात्रभर उचलून ठेवणं धोक्याचं आहे. ते लघवी जास्त करतं म्हणून पाणी कमी करणारीही घरं आहेत. लघवी जास्त होते म्हणून ते जास्त पितं, उलटं नाही.

## टप्पा २: सात दिवसांची खाण्याची वही

नवीन काही आणायच्या आधी आत्ता पोटात काय जातंय ते लिहा. फ्रिजवर एक कागद चिकटवा, शेजारी पेन बांधा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा: जे द्याल ते लिहा. आजोबांच्या चहातली बिस्किटं, पोळीचा दुधात कुस्करलेला तुकडा, मासेवाल्या मावशींनी प्रेमाने टाकलेलं बांगड्याचं डोकं, गोळी लपवायला वापरलेलं पनीर, सगळं.

आठवड्याअखेर कागद बघितला की खरा फॉस्फरस कुठून येतोय ते दिसतं. किडनीच्या आजारात सगळ्यांत जास्त छळतो तो फॉस्फरसच. तो रक्तात साठत जातो, शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागतं आणि किडनीची झीज वाढते. आपल्या घरांत त्याचे मोठे साठे ठरलेले आहेत: सुकट, जवळा, सुके बोंबील (यांत मीठही भरपूर), कलेजी, हाडं आणि नळ्या, पाया सूप, दूध-पनीर-चीज, अंड्याचा पिवळा बलक. १०० ग्रॅम बलकात साधारण ३९० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, तेवढ्याच पांढऱ्या भागात जेमतेम १५. एकाच अंड्यात एवढा फरक.

चिकन उकळलं की फॉस्फरसचा काही भाग पाण्यात उतरतो. म्हणजे "आजारी आहे, चिकनचं पाणीच पाजते" हे नेमकं नको तिथे जातं. चिकन द्यायचं तर उकळलेलं पाणी फेकून द्या. चवीपुरता चमचाभर वापरलात तर हरकत नाही.

याच आठवड्यात वजन घ्या. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहून वजाबाकी करण्यात चूक फार होते. लहान बाळांचा किंवा सामानाचा हलका काटा वापरा. ५६९ मांजरांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१६ च्या एका अभ्यासात असं दिसलं की निदानाच्या आधीच्या वर्षभरातच मांजरांचं वजन सुमारे ९ टक्के घटलेलं होतं. चार किलोच्या मांजराचं ते साडेतीनशे ग्रॅम झालं, आणि डोळ्यांना ते कळत नाही.

तपासा: रोज साधारण किती कॅलरी जातात? चार किलोच्या मांजराला २०० ते २२० कॅलरी लागतात, म्हणजे बहुतेक ड्राय फूडचे ५० ते ५५ ग्रॅम. आकडा याच्या बराच खाली असेल तर अन्न बदलू नका, टप्पा ३ करा.

## टप्पा ३: आधी मळमळ थांबवा

सगळ्यांत जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. रक्तात युरिया वाढलेलं मांजर भुकेलं असतं आणि त्याच वेळी त्याला मळमळत असतं. ते वाटीपाशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं, गिळतं आणि निघून जातं. याला "नखरे" म्हणतात. ते नखरे नसतात.

मळमळत असताना नवीन अन्न पुढे केलं की त्या अन्नाचाच वास मळमळीशी जोडला जातो आणि पुढे तब्येत सुधारली तरी मांजर त्याला तोंड लावत नाही. म्हणूनच दवाखान्यात सलाइनवर असताना रीनल डाएट सुरू करू नये. पिंजरा, सुया, अनोळखी कुत्र्यांचं भुंकणं, सगळं त्या वासाला चिकटतं. आधी ते घरी येऊ द्या आणि आपलं जुनं अन्न नीट खाऊ द्या.

डॉक्टरांशी स्पष्ट बोला: मळमळीसाठी औषध हवं आहे का? मारोपिटंट, मिर्टाझापिन ही यासाठी वापरली जाणारी औषधं आहेत. मिर्टाझापिनने किडनीच्या मांजरांची भूक आणि वजन वाढल्याचं चाचणीत दिसलं आहे. पोटॅशियम कमी असेल, रक्त कमी झालं असेल, तोंडात फोड असतील किंवा दात सडला असेल, तर कोणतंही अन्न आवडणार नाही. आधी ते बघावं लागतं.

सावध: घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किडनीवर घाव घालतात. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

तीन दिवस सलग जुनं अन्न उलटी न होता खाल्लं, की पुढे जा.

## टप्पा ४: अन्न निवडा

रीनल डाएटमध्ये नुसतं प्रथिन कमी असतं, हा गैरसमज पक्का बसला आहे. त्यात फॉस्फरस आणि मीठ कमी असतं, प्रथिन कमी पण चांगल्या प्रतीचं असतं, ओमेगा-३ आणि ब गटातली जीवनसत्त्वं वाढवलेली असतात, रक्तातली आम्लता कमी करणारे घटक असतात आणि थोड्या घासांत जास्त कॅलरी बसवलेल्या असतात. म्हणून घरच्या घरी चिकन बंद करून भात वाढवला की रीनल डाएट झालं, असं होत नाही.

पुरावा किती पक्का आहे? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत किडनीचा आजार असलेल्या ३८ कुत्र्यांपैकी काहींना रीनल डाएट आणि बाकीच्यांना नेहमीचं अन्न दिलं. रक्तात विष चढून कोसळण्याचा धोका रीनल डाएटवर सुमारे ७५ टक्क्यांनी कमी दिसला. २००६ च्या ४५ मांजरांवरच्या दोन वर्षांच्या चाचणीत रीनल डाएटवरच्या एकाही मांजराला असा झटका आला नाही. नेहमीच्या अन्नावरच्यांपैकी साधारण चौथाई मांजरांना तो आला. त्याआधी २००० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात रीनल अन्न स्वीकारलेल्यांपैकी निम्मी मांजरं ६३३ दिवसांहून जास्त जगली, न स्वीकारलेल्यांत हाच आकडा २६४. हा शेवटचा आकडा मी जरा जपून वापरतो, कारण तिथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि अन्न नाकारणारी मांजरं मुळातच जास्त आजारी असू शकतात. तरीही तिन्ही अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात.

मग कधी सुरू करायचं? मांजरांत स्टेज २ पासून. कुत्र्यांत स्टेज ३ पासून पुरावा भक्कम आहे आणि लघवीतून प्रथिन जात असेल तर त्याआधीही. निव्वळ वय झालं म्हणून निरोगी म्हाताऱ्या जनावराचं प्रथिन तोडू नका, त्याने स्नायू जातात. पिल्लांना आणि गाभण जनावरांना हे अन्न चालत नाही. स्टेज १ किंवा सुरुवातीच्या स्टेज २ च्या मांजरात फॉस्फरस फारच खाली नेला तर काहींच्या रक्तातलं कॅल्शियम वाढतं, म्हणून तिथे मध्यम प्रकारचं अन्न निवडावं आणि कॅल्शियमवर लक्ष ठेवावं.

लेबल वाचताना ड्राय (कोरडे दाणे) आणि पाऊच (ओलं अन्न, म्हणजे वेट फूड) यांची थेट तुलना करू नका. पाऊचवर प्रथिन १० टक्के आणि पाणी ८० टक्के लिहिलं असेल तर कोरडा भाग २० टक्केच उरतो, म्हणजे कोरड्या हिशेबात प्रथिन ५० टक्के. ड्राय फूडवर प्रथिन ३० आणि पाणी १० टक्के असेल तर हिशेब येतो ३३. "पाऊचमध्ये दहाच टक्के आहे, तेच बरं" म्हणणारे इथे फसतात.

घरचं जेवण देणारच असाल तर. मांजराला ठरलेल्या सूत्राशिवाय देऊ नका. ते मांसाहारीच प्राणी आहे. मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडलं तर त्याचं हृदय आणि दृष्टी दोन्ही जातात, आणि दूध-भातात टॉरिन पुरेसं नसतं. कुत्र्यासाठी भात, अंड्याचा पांढरा भाग, मोजकं चिकन, तेल किंवा चरबी, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड असं बसवता येतं, पण ग्रॅमनुसार आणि पशुपोषणाचा अभ्यास केलेल्या डॉक्टरांकडूनच. कॅलिफोर्नियातल्या पशुपोषणतज्ज्ञांनी २०१२ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या, किडनीच्या रुग्णांसाठी म्हणून दिलेल्या ६७ पाककृती तपासल्या. सगळ्या पोषकांची गरज भागवणारी एकही निघाली नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पाककृती वापरू नका. कांदा-लसूण तर कुठल्याच रूपात नको, वरणाच्या फोडणीतलाही नको.

ओमेगा-३ साठी माशाचं तेल चालतं, कॉड लिव्हर ऑइल नको. त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व साठत जातं. नारळपाणीही मनाने पाजू नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि शेवटच्या टप्प्यातल्या कुत्र्याच्या रक्तात ते आधीच वाढलेलं असू शकतं.

## टप्पा ५: प्रत्यक्ष बदल

कुत्र्याला साधारण १० ते १४ दिवस द्या. मांजराला तीन ते चार आठवडे, काहींना दोन महिने. घाई करून काही मिळत नाही.

चार किलोचं मांजर, रोज ५० ग्रॅम ड्राय, असं उदाहरण घेऊ. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा बाहेर काढा.

१. पहिले चार-पाच दिवस: जुनं अन्न नेहमीच्या वाटीत, पूर्ण ५० ग्रॅम. नव्याचे पाच-सहा दाणे शेजारी वेगळ्या बशीत. मिसळू नका. मिसळलं आणि आवडलं नाही तर जुन्यावरचाही विश्वास जातो. खाल्ले नाहीत तरी बशी तशीच असू द्या, रोज दाणे बदला.

२. नवे दाणे दोन दिवस खाल्ले की: ४५ ग्रॅम जुनं, ५ ग्रॅम नवं, आता मिसळून.

३. दर तीन-चार दिवसांनी पाच ग्रॅमची अदलाबदल. उरलेलं अन्न तोलून वहीत लिहा. सलग दोन दिवस एकूण खाणं ४० ग्रॅमच्या खाली गेलं तर एक पायरी मागे या आणि आठवडाभर तिथेच थांबा.

४. अर्ध्यावर बहुतेक मांजरं अडतात. तिथे प्रकार बदलून बघा: ड्रायऐवजी पाऊच, दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या पोताचं. वेट फूड कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून अंगाइतकं गरम करा. फ्रिजमधून काढून थंड देऊ नका, त्याला वासच नसतो. वाटी पसरट घ्या. लिटरपासून लांब ठेवा.

५. शेवटचे पाच-दहा ग्रॅम कधीकधी सुटतच नाहीत. सोडून द्या. ४० ग्रॅम नवं आणि १० ग्रॅम जुनं नीट खाणारं मांजर, शंभर टक्के नव्यावर अर्धपोटी राहणाऱ्यापेक्षा चांगल्या स्थितीत असतं.

सावध: "भूक लागली की खाईल" हा नियम मांजराला लावू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि तो वेगळाच जीवघेणा आजार होतो. २४ तास काहीच खाल्लं नाही तर त्याचं जुनं आवडतं अन्न द्या, मग ते सुकट का असेना, आणि डॉक्टरांना फोन करा. सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका. त्यानेही त्या अन्नाची घृणा बसते.

पाण्याचं सोपं आहे. घरात तीन-चार ठिकाणी रुंद भांडी ठेवा, रोज धुऊन भरा आणि वेट फूडमध्ये दोन चमचे कोमट पाणी कालवा. घरात दुसरी मांजरं असतील तर जेवणं वेळेवर आणि दार लावून. निरोगी मोठ्या मांजराने रीनलचे चार घास खाल्ले तर बिघडत नाही. पंचाईत होते ती आजारी मांजराने तिचं खाल्लं तर.

गोळी द्यायला पनीर-कलेजी नको. कुत्र्याला उकडलेला लाल भोपळा किंवा बिया काढलेलं सफरचंद, मांजराला थोडं लोणी.

## टप्पा ६: फॉस्फरस बाइंडर, लागला तरच

नव्या अन्नावर चार-सहा आठवडे झाल्यावर फॉस्फरस मोजा. स्टेज २ मध्ये तो ४.६ च्या आत, स्टेज ३ मध्ये ५.० च्या आत आणि स्टेज ४ मध्ये ६.० च्या आत हवा. वर असेल तर डॉक्टर बाइंडर देतात: अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, लॅंथॅनम, कधी कॅल्शियमचे क्षार.

इथली चूक जवळपास प्रत्येक घरात होते. बाइंडर सकाळी उपाशीपोटी, बाकीच्या गोळ्यांबरोबर दिला जातो. तो रक्तातला फॉस्फरस ओढत नाही, आतड्यात अन्नातला फॉस्फरस पकडून ठेवतो. पोटात अन्न नसेल तर त्याचं काम शून्य. प्रत्येक जेवणात मिसळून किंवा जेवणाला लागूनच द्या, दिवसाचा डोस जेवणांत वाटून. कॅल्शियमचा बाइंडर असेल तर कॅल्शियम तपासत राहा.

सावध: बदल अर्ध्यावर असताना अन्नात बाइंडर मिसळायला सुरुवात करू नका. खाणं थांबलं तर कशामुळे थांबलं ते कळणार नाही. एका वेळी एकच बदल.

## टप्पा ७: फेरतपासणी आणि फसवे आकडे

वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर. रक्त साधारण महिन्याने, स्थिर झाल्यावर दोन ते चार महिन्यांनी, स्टेज ४ मध्ये आणखी लवकर.

दोन आकडे इथे फसवतात. प्रथिन कमी झालं की युरिया आपोआप उतरतो. त्याचा अर्थ किडनी सुधारली असा नाही. मळमळ कमी होते, जनावराला बरं वाटतं, ते खरंच आहे आणि महत्त्वाचंही आहे, पण त्यावर औषधं बंद करू नका. दुसरं म्हणजे क्रिएटिनिन. ते घटलं आणि वजनही घटलं असेल, तर स्नायू गेले आहेत. पाठीच्या कण्यावरून आणि मागच्या मांड्यांवरून हात फिरवा. हाडं टोचू लागली असतील तर कमी झालेला आकडा चांगली बातमी नाही. कॅलरी पोचत नाहीत किंवा प्रथिन गरजेपेक्षा कमी पडतंय, हे डॉक्टरांना दाखवा.

उलट्या पुन्हा सुरू झाल्या, तोंडाला लघवीसारखा वास आला, मान खाली झुकली, मांजर अचानक भिंतीला धडकू लागलं (बीपी वाढून दृष्टी जाते), तर फेरतपासणीच्या तारखेची वाट बघू नका.

खाणं औषधं देऊनही सुधारत नसेल तर फीडिंग ट्यूबबद्दल विचारा. मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बसवलेल्या नळीतून रीनल अन्न, पाणी आणि गोळ्या सगळं जातं, मांजर त्याबरोबर तोंडानेही खाऊ शकतं आणि घरी चार-पाच दिवसांत हात बसतो. हे शेवटच्या क्षणी नाही, वजन टिकून असताना ठरवायचं असतं. आणि तेही शक्य नसेल, आजार शेवटच्या टप्प्यात असेल, तर रीनल डाएटचा आग्रह सोडा. बांगडा खात असेल तर काटे काढून बांगडा द्या, बाइंडर त्यात मिसळा आणि मळमळीचं औषध चालू ठेवा.